स्टिकरखालचं नाव

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, वरातीतून नवरदेवाची घोडी पळवून नेल्याचा तपाससुद्धा केला. पण घरात कुकरची शिट्टी झाली की माझ्या डोळ्यांपुढे एकच गुन्हा उभा राहतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी कुकरकडे तुम्ही आरोपीकडे पाहावं तसं पाहता. तिचं म्हणणं खरं आहे. या गुन्ह्यात तिच्या कुकरचाही हात होता, ते पुढे येईलच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. चिखली तालुक्यातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. नवरात्र नुकतंच बसलं होतं. सकाळची हजेरी घेऊन मी देवीच्या मंडळांच्या बंदोबस्ताचे कागद पाहत बसलो होतो. तेवढ्यात तिशीतली एक बाई ठाणे अंमलदाराला न जुमानता थेट माझ्या टेबलापाशी आली. अमडापूरजवळच्या एका खेड्यात तिचं माहेर.

"साहेब, माह्या भावजयीवर केस करा," ती म्हणाली. "तिनं माह्या मायले जाळलं."

मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आधी सगळं ऐकून घेतलं. माणूस रागात असताना त्याला प्रश्न विचारू नयेत, त्याचं बोलून होऊ द्यावं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. हकिगत अशी होती. आदल्या दिवशी सकाळी घरात कुकर फुटला. तिची आई गॅसपाशी पोळ्या लाटत बसली होती. गरम वरण आईच्या उजव्या हातावर आणि गालावर उडालं, एका डोळ्याला पट्टी बांधावी लागली. बुलढाण्याच्या दवाखान्यात तिला भरती केलं होतं. भावजय मात्र त्या वेळी परसात होती, तिला खरचटलंही नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी सासू-सुनेचं भांडण झालेलं सगळ्या गल्लीने ऐकलं होतं.

"रोज गॅसपाशी तीच राह्यते," बाई म्हणाली. "त्याच टायमाले ती बाहेर काऊन गेली?"

खोटं कशाला सांगू, मलाही तो प्रश्न पटला. पोलिसाच्या डोक्यात एकदा 'का' बसला की तो लवकर निघत नाही. मी तक्रार स्टेशन डायरीला घेतली आणि दोन पंच घेऊन गावात गेलो.

घर साधं, टिनाच्या छपराचं, पण स्वच्छ. कुकरचं झाकण वर जाऊन टिनाला भोक पाडून अडकलं होतं. भिंतीभर वाळलेलं वरण. कुकर एका बाजूने उकलला होता आणि शिट्टी पिठाच्या डब्यामागे सापडली. पंचनामा लिहून सगळा मुद्देमाल आम्ही ताब्यात घेतला. सुनेच्या नवऱ्याला विचारलं तर तो नुसता मान हलवायचा. एकीकडे आई, दुसरीकडे बायको, आणि समोर बहीण. त्याची मला कीवच आली.

सून उंबऱ्यावर बसली होती. विशीतली, बारीक अंगाची मुलगी. दहावी शिकलेली, शिलाईकाम करायची. मी जबाब घ्यायला बसलो तेव्हा तिने एवढंच सांगितलं की कुकर तिनेच मोबाइलवरून मागवला होता. जुन्याचा दांडा तुटला होता म्हणून. परसात ती कढीपत्ता आणायला गेली होती. भांडण कशावरून झालं, ते मात्र सांगेना.

"जे काय असंल ते माह्यावर लिहा, साहेब," ती म्हणाली.

इतक्या सहज स्वतःवर घेणारा माणूस एकतर फार पोचलेला असतो नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. त्या दिवशी मी पहिला अंदाज धरला. चुकलो, हे आधीच सांगून टाकतो.

दवाखान्यात सासूबाईंचा जबाब घेतला. साठीच्या आसपासची, राबून हाडं निघालेली बाई. गालावर मलम, डोळ्यावर पट्टी. लेक उशाशीच उभी होती. मी विचारलं, सुनेवर तुमचा संशय आहे का? बाईंनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाल्या, "मी काय सांगू? ती बाहेर होती, एवढं खरं."

हो नाही आणि नाहीही नाही. अशा जबाबावर घरं मोडतात. झालंही तसंच. संध्याकाळच्या आत नवऱ्याने बायकोला मेहकरकडे तिच्या माहेरी पोचतं केलं. गावात चर्चा सुरू झाली, की ती आता काही परत येत नाही. सून दोषी ठरली तर तुरुंग, आणि नुसता संशय उरला तरी संसार गेला. निकाल काय तो माझ्या तपासावर होता.

दुसऱ्या दिवशी मी सुनेचा ताब्यात घेतलेला मोबाइल पंचांसमक्ष तपासला. सोशल मीडियावरच्या एका पानावरून तिने कुकर मागवला होता. नावाजलेल्या कंपनीचं नाव, कंपनीचाच फोटो, 'गोदाम रिकामं करणे आहे' अशी जाहिरात आणि खाली शेकडो लोकांची वाहवा. पार्सल पितृपक्षात घरी आलं. सासूबाईंनी तेव्हा तिला सांगितलं की पितरपाटात नवं भांडं काढत नाहीत. त्यामुळे खोकं कपाटावर तसंच पडून राहिलं आणि घटस्थापनेला उघडलं. वस्तू परत करायची मुदत होती सात दिवसांची, ती केव्हाच उलटून गेली होती.

आणि त्या पानाशी झालेल्या संभाषणात मला सुनेचा एक मेसेज सापडला. घटस्थापनेच्याच दिवशी तिने त्या पानावर लिहिलं होतं, 'झाकण नीट बसत नाही, दांड्याचा स्क्रू गंजलेला आहे, बदलून द्या.' सोबत फोटो. उत्तर आलं होतं, 'मुदत संपली आहे, धन्यवाद.'

मी तो मेसेज चारदा वाचला. जिला सासूला जाळायचं आहे, ती दुकानदाराकडे झाकणाची तक्रार कशाला करेल? माझ्या डोक्यातला 'का' तिथून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला. नव्या कोऱ्या कुकरचा स्क्रू गंजलेला का होता?

सुनेने आणखी एक शहाणपणाचं काम केलं होतं. पापड ठेवायला बरं म्हणून कुकरचं खोकं फेकलं नव्हतं. त्यावर विकणाऱ्याचा पत्ता आणि कंपनीचा क्रमांक होता. पत्त्यावर माणूस पाठवला तर तिथे केशकर्तनालय निघालं. पानावरचा फोन बंद होता, आणि आठवडाभरात पानही गायब झालं. कंपनीला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की हा क्रमांक आमचा नाही, खोकं आमचं नाही आणि असला स्टिकर आम्ही कधी छापलाच नाही. कुकर बनावट होता हे सिद्ध झालं. पण बनवला कोणी? उत्तर देणारं कोणीच उरलं नव्हतं आणि तपास एका जागी अडकला.

तो सोडवला आमच्या एका महिला शिपायाने. ती मुद्देमालाच्या खोलीत वस्तूंना चिठ्ठ्या लावत होती. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. स्फोटाने कंपनीचा स्टिकर अर्धा सोलवटला होता. तिने मला हाक मारली आणि हात न लावता बोट दाखवलं. स्टिकरखालच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर अगदी पुसट, दिसतील न दिसतील अशा रेघा होत्या.

"साहेब, हे नाव टाकलेलं आहे," ती म्हणाली.

आपल्याकडे भांड्यावर नाव टाकायची रीत कुणाला सांगायला नको. लग्नात आहेर द्यायचा तर दुकानात बसलेला कारागीर मशीनच्या सुईने त्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, प्रसंग कोरून देतो. आमच्या घरात असे पेले आहेत, की त्यावर नाव असलेली माणसं आता हयात नाहीत, पण पाणी आम्ही त्यांच्याच पेल्याने पितो. नव्या कुकरवर कंपनीच्या स्टिकरखाली कुणाचं तरी नाव, याचा अर्थ एकच होता. हा कुकर कुणाच्या तरी संसारात वर्षानुवर्षं वापरून झाला होता. त्याला घासून, पॉलिश मारून, वर नवा स्टिकर चिकटवून तो नवा म्हणून विकला होता.

मला एकदम चोरीच्या मोटारसायकली आठवल्या. चोर चेसिस नंबर घासून टाकतात. पण ठोकताना धातू आतपर्यंत दबलेला असतो. प्रयोगशाळेत त्यावर रसायन लावलं की घासलेला नंबर पुन्हा वर येतो. गाडीचं जमतं, तर कुकरचं का नाही? मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. तिथल्या साहेबांनी फोन करून हसत विचारलं की कुकरला चेसिस कधीपासून लागला. पण काम चोख केलं. अहवालासोबत फोटो आले. नावाची अक्षरं पार गेलेली, पण तीन गोष्टी स्पष्ट उमटल्या होत्या. 'मंगल परिणय', 'मामा' आणि 'दुसरबीड'.

महिला शिपायाने फोटो पाहिला आणि म्हणाली, "साहेब, हे बहुतेक आमच्या समाजातलं आहे. बौद्धांच्या पत्रिकेवर, आहेरावर 'मंगल परिणय'च असतं. विहारात जाऊन विचारू." नुसत्या दुसरबीड या नावावर मी महिनाभर गावभर फिरलो असतो. तिने मला थेट दाराशी नेऊन उभं केलं.

रविवारी सकाळी आम्ही दुसरबीडला गेलो. विहारात वंदना झाल्यावर तिने उभं राहून सगळ्यांना फोटो दाखवला आणि विचारलं, कुणी हा कुकर भाचीला दिला होता का? थोडा वेळ कुजबुज झाली. मग मागून पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा उठले. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "व्हय, म्याच दिलाय. कारागिराच्या बाजूला बसून टाकून घेतलं होतं."

भाची गावातच दिलेली होती. आजोबा आम्हाला तिच्या घरी घेऊन गेले. तिथे तपास राहिला बाजूला आणि आधी त्यांनीच तिची उलटतपासणी सुरू केली. दुसरबीडकडची बोली जालन्याकडे झुकते, पण राग आमच्यासारखाच.

"म्या दिलेला कुकर तू भंगारात घातलास?"

"मामा, दांडा तुटला होता," भाची बिचारी म्हणाली. "बारा वर्षं वापरला की."

तिने सांगितलेली माहिती मोलाची होती. बाजाराच्या दिवशी हायवेला एक टेम्पो येतो. 'जुना कुकर द्या, स्टीलचे डबे न्या' असा भोंगा लावलेला असतो. पण तो सगळे कुकर घेत नाही. त्या एकाच नावाजलेल्या कंपनीचे घेतो, बाकीचे परत करतो. आता भंगारवाल्याला वजनाशी मतलब असतो. नाव बघून भंगार घेणारा माणूस मी जन्मात ऐकला नव्हता.

पुढच्या बाजाराला आम्ही साध्या वेशात गेलो. महिला शिपायाने तिच्या आईचा जुना कुकर पिशवीत आणला होता, वर आईचं भलंमोठं नाव कोरलेलं. ती टेम्पोपाशी गेली आणि भोळेपणाने विचारलं, "दादा, याच्यावर नाव आहे, चालते का?"

टेम्पोवाला म्हणाला, "चालते ना ताई. नावाचं काय घेऊन बसली, घासून टाकतो आम्ही."

हे वाक्य दोन पंचांनी ऐकलं. टेम्पोच्या ताडपत्रीखाली जुन्या कुकरांच्या मागे तीन नवी कोरी खोकी निघाली, तीच कंपनी, तोच खोटा पत्ता. ती जागेवरच सील केली आणि टेम्पोसकट त्याला ठाण्यात आणलं.

माणूस चाळिशीतला, गोडबोल्या. दोन तास मी विचारतोय आणि दोन तास तो हसतोय. भंगार घेणं गुन्हा आहे का साहेब, खोकी कुणाची तरी पोचवायला दिलेली, मी गरीब ड्रायव्हर, मले काय माहीत. मारझोडीवर माझा कधी विश्वास नव्हता. मार खाऊन माणूस तुम्हाला हवं ते सांगतो, खरं असेलच असं नाही. दुपार झाली. मी शिपायाला सांगितलं, भुका लागल्या, इथेच खिचडी टाका. त्याच खोलीत शेगडी मांडली. वर त्याच कंपनीचा लखलखीत कुकर ठेवला. टेम्पोवाल्याची खुर्ची शेगडीपासून हातभर अंतरावर. मी स्वतः त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि शांतपणे वर्तमानपत्र उघडलं.

कुकरने वाफ धरायला सुरुवात केली, तसा तो थोडा सरकला.

"साहेब, मी बाहेर बसतो जराक."

"काऊन बे?" मी म्हणालो. "चकचकीत कुकर आहे, कंपनीचा. जेवूनच जा आता."

शिट्टी थरथरू लागली. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पाडून उभा राहिला.

"गॅस बंद करा साहेब. फुटंल तो."

"तुले कसं माहीत?"

तेवढ्यात कुकरने खणखणीत शिट्टी मारली आणि तो मटकन खाली बसला. मी गॅस बंद केला. तो कुकर माझ्या बायकोचा होता. त्या दोन तासांतच मी तो क्वार्टरमधून चिंचेने घासून आणवला होता. जप्तीची खोकी कोपऱ्यात सील लागलेलीच पडून होती. मी त्याला एक शब्द खोटा सांगितला नव्हता. आपल्या मालाची लायकी त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, एवढंच. खिचडी खाली लागली म्हणून बायकोने नंतर मला ऐकवलं, ते मी आनंदाने ऐकून घेतलं.

मग तो घडाघडा बोलला. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने पंचांसमोर दाखवलेली जागा आणि तिथे सापडलेला माल चालतो. निवेदन पंचनामा केला आणि त्याच दुपारी पथक घेऊन निघालो.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला बंद पडलेली एक कापसाची जिनिंग. बाहेरून बघाल तर कुलूप, आणि आत मशीनचा आवाज. आम्ही मागच्या दाराने शिरलो. एका बाजूला कुकरांचा ढीग, दुसऱ्या बाजूला झाकणांचा. कुठलं झाकण कुठल्या कुकरला, याचा काही मेळ नाही. पॉलिशच्या चाकावर दोन माणसं लोकांची नावं घासून काढत होती. टेबलावर स्टिकरची रिळं, आयएसआयच्या खोट्या शिक्क्यांसकट. आणि पंख्याखाली दोन जण मोबाइल घेऊन बसले होते. त्यांचं काम एकच, वेगवेगळ्या बायकांच्या नावाने 'खूप छान कुकर, सासूबाई खूश' असं लिहायचं. ज्या वाहवेवर भरवसा ठेवून अमडापूरकडच्या त्या मुलीने कुकर घेतला, ती इथे बसून चहा पीत लिहिली जात होती. मला त्या क्षणी जो राग आला, तो आजही पुरता उतरलेला नाही.

मालक शिकलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला. घाबरला नाही. मला समजावून सांगू लागला की लोकांना स्वस्तात मोठं नाव पाहिजे असतं, आम्ही ते नाव देतो, त्यात बिघडलं काय?

मी विचारलं, "तुमच्या घरी कोणता कुकर आहे?"

घरझडतीत आमच्या हवालदाराला उत्तर मिळालं. शहरातल्या शोरूममधून घेतलेला, पक्क्या बिलाचा, हमीपत्र जपून ठेवलेला.

तंत्रनिकेतनातल्या प्राध्यापकांनी फुटलेला कुकर आणि जप्त माल तपासून लेखी अभिप्राय दिला. घासून घासून भांडं पातळ झालेलं, झाकण दुसऱ्याचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. आत वाफ कोंडली तर खऱ्या व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाट करून देतो. या लोकांनी तिथे साध्या धातूचा तुकडा ठोकून बसवला होता. सुनेने काहीही केलं असतं तरी तो कुकर आज नाही उद्या फुटणारच होता. ती कढीपत्ता आणायला गेली म्हणून वाचली, एवढीच तिची चूक.

मालकाच्या संगणकात गिऱ्हाइकांची यादी मिळाली. आम्ही ठाण्याठाण्याला कळवलं, ग्रामपंचायतींच्या भोंग्यावरून सांगायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून बायका पिशव्यांत कुकर घेऊन ठाण्यात येऊ लागल्या. आमचा व्हरांडा कुकरांनी भरून गेला. एरवी ठाण्याची पायरी चढायला बिचकणाऱ्या बाया चपला काढून रांगेत उभ्या होत्या आणि आमची महिला शिपाई एकेकीला स्टिकर सोलून आतली पुसट रेघ दाखवत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रुबाब बघण्यासारखा होता. त्या यादीतल्या दुसऱ्या एकाही घरात पुढे कुकर फुटल्याचं आमच्या कानावर आलं नाही. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत मोठं यश मी यालाच समजतो. पदकं भिंतीवर आहेत, असू द्यात.

आता राहिलं अमडापूरकडचं घर. सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणलं होतं. मी स्वतः गेलो. अंगणात बाज टाकलेली, त्यावर त्या, शेजारी लेक आणि मुलगा. मी कागदावरचं सगळं साध्या भाषेत सांगितलं आणि नमुन्याचा खरा व्हॉल्व्ह त्यांच्या तळहातावर ठेवला. लेक खाली मान घालून ऐकत होती. शेवटी मी सुनेचा तो मेसेज वाचून दाखवला.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ती म्हणे, आई, हा कुकर नको लावू," त्या म्हणाल्या. "त्याच्यावरच भांडण झालं आमचं. मीच म्हटलं, इतकी वस्तू आणली तं वापर ना, बसते झाकण हळूहळू. साहेब, मीच लावायले लावला. दवाखान्यात मले बोलायची हिंमत झाली नाही."

उंबऱ्यावर बसलेली ती मुलगी कुणाला पाठीशी घालत होती, ते मला त्या दिवशी कळलं. सासूचं नाव घेतलं असतं तर ती केव्हाच मोकळी झाली असती. माझे डोळे भरून आले, आणि वर्दीत असताना ते मला लपवताही आले नाहीत. लेकीने तक्रार मागे घेण्याचा जबाब तिथेच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सासूबाई डोळ्यावर पट्टी असताना मेहकरला गेल्या. मुलगा गाडी करतो म्हणाला, तर म्हणाल्या, मी पाठवली नव्हती, पण थांबवलीही नव्हती, आणाले मीच जाईन.

या गुन्ह्यानंतर मी शाळांत, बचत गटांत जाऊन बोलू लागलो, अजूनही बोलतो. पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा, उघडताना मोबाइलवर चित्रण करा. पितृपक्ष असला तरी उघडा, पितरांना त्याचा राग येत नाही, परतीची मुदत मात्र निघून जाते. विकणारा कोण, त्याचा पत्ता खरा आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. आयएसआयच्या शिक्क्याखालचा क्रमांक सरकारी ॲपवर टाकून पाहता येतो, त्याला मिनिट लागतं. आणि फसलात तर लाजू नका, तक्रार करा. मला या गुन्ह्याने शिकवलं ते मात्र ॲपवर सापडणारं नाही. वस्तू खोटी निघाली की आपण आधी घरातल्या माणसाकडे बोट दाखवतो, विकणारा लांब कुठेतरी पंख्याखाली बसून राहतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

दिवाळीनंतर त्या घरून मला जेवायचं बोलावणं आलं. सासूबाईंचा डोळा वाचला होता, गालावर डाग राहिला होता. गॅसवर चिखलीच्या दुकानातून बिलासकट आणलेला नवा कुकर होता. सून वाढत होती आणि सासू तिला दमदाटी करत होती, म्हणजे घर जाग्यावर आलं होतं. जेवण झाल्यावर सासूबाईंनी कुकर पुसून माझ्यापुढे धरला. घरातल्या भांड्यावर कर्त्या पुरुषाचं नाव टाकायची आपल्याकडे रीत. यावर सुनेचं नाव होतं, आणि खाली 'सासूकडून'. अक्षरं एवढी खोल, की बोट फिरवलं तर टोचावीत.

मी म्हणालो, फार जोरात कोरलंय हो कारागिराने.

"मीच म्हटलं त्याले, खोल टाक," सासूबाई म्हणाल्या. "कोणी किती घासलं तरी निघाले नाही पाहिजे."